चारशे दोन नंबरची पेंड

१९७३ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, बॅटल क्रीक गावाजवळच्या एका मोठ्या गोठ्यातल्या गाई पेंडीला तोंड लावेनाशा झाल्या. गोठा हाल्बर्ट कुटुंबाचा. चारशेच्या आसपास होल्स्टीन गाई, दूध भरपूर, वडील आणि मुलगे मिळून सगळा व्यवहार बघणारे. गाई आधी खुराकावरून उठल्या, मग वाळत चालल्या. डोळ्यांतून पाणी गळायचं. थोड्याच आठवड्यांत दूध जवळपास निम्म्यावर आलं. पुढे पुढे काही गाईंचे खूर वेडेवाकडे वाढू लागले, केस गळून कातडी जाड पडली, गाभण गाई गाभडू लागल्या आणि जन्मलेली वासरं जगेनात.

दुभत्या जनावरावर ज्याचं घर चालतं, त्याला यातला एकेक शब्द ऐकतानाच पोटात कालवतं. गाईनं खाणं टाकलं की घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्याही घशाखाली घास उतरत नाही. तिथेही तेच झालं असणार. पण या घरातला मुलगा फ्रेडरिक, ज्याला सगळे रिक म्हणत, तो रसायन अभियांत्रिकी शिकलेला होता. डाउ केमिकल कंपनीतली नोकरी सोडून तो गोठ्यावर परतला होता. डॉक्टर आले, रक्त तपासलं, नेहमीचे संसर्ग तपासले, चाऱ्यातली बुरशी तपासली. कशातच काही सापडलं नाही. तेव्हा रिकनं विचारलं, गेल्या काही दिवसांत या गोठ्यात बदललं काय? उत्तर एकच होतं. पेंडीची नवी खेप आली होती.

ती पेंड फार्म ब्युरो सर्व्हिसेस या संस्थेच्या कारखान्यात तयार व्हायची. तिचा नंबर होता ४०२. आपल्याकडे दूध संघाची गोळी पेंड शेतकरी जशी निःशंक मनानं घेतो, तशीच ही पेंड मिशिगनमधले शेतकरी घेत, कारण ती संस्था शेतकऱ्यांच्याच संघटनेशी जोडलेली होती. या पेंडीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी मिसळायला सांगितलेलं असे. मक्याचा मूरघास आणि धान्य जास्त खाणाऱ्या गाईच्या पोटात आम्ल वाढतं आणि दुधाची फॅट उतरते. मॅग्नेशियम ऑक्साइडनं पोट ताळ्यावर राहतं, फॅट टिकते. हे जगभर चालतं, त्यात वावगं काही नाही.

रिकनं मग एक प्रयोग केला. तो करताना त्याला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. त्यानं डझनभर वासरं वेगळी काढली आणि त्यांना ४०२ नंबरचीच पेंड खायला घातली. वासरांनी थोड्याच दिवसांत खाणं टाकलं. काही आठवड्यांत मरायला सुरुवात झाली आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यातली बहुतेक गेली. आपल्या हातानं आपलीच वासरं पणाला लावावी लागली, कारण आजाराला नाव द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. राज्याच्या प्रयोगशाळेत उंदरांना ती पेंड घातली, तर उंदीरही मेले. म्हणजे पेंडीत काहीतरी होतं. ते काय, हे मात्र सांगता येत नव्हतं.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. जनावर अचानक दगावलं की पशुवैद्यकाच्या डोक्यात एक यादी धावत असते, आणि ती यादी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बनलेली असते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यालाही ती ठाऊक आहे. पावसानं ताण दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर आलेले फुटवे गाईनं खाल्ले, तर पोटात सायनाइड तयार होतं आणि जनावर बघता बघता आडवं होतं. तासाभराच्या आत खेळ संपू शकतो. धडधाकट जनावर रात्रीत मेलं आणि नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, तर फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स. अशा वेळी ते फाडायचं नाही, कारण हवा लागली की जंतू बीजाणूंचं रूप घेऊन वर्षानुवर्षं मातीत दबा धरून बसतात. घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर येतात, म्हणून त्याआधी लस टोचायची. फवारणीचं औषध सांडलेला चारा, युरियाचं पाणी, शेळ्या-मेंढ्यांना लवलवीत गवत मिळाल्यावर होणारा आंत्रविषार, अशी ही नावं पुढे जातात. नाव माहीत असलं की तपास सोपा होतो. प्रयोगशाळेला सांगता येतं, अमुक शोधा.

मिशिगनच्या विषाला नाव नव्हतं. निदान जनावरांच्या डॉक्टरांच्या यादीत तरी नव्हतं. प्रयोगशाळेला जे विचारावं तेवढंच ती सांगते. कीटकनाशक आहे का, असं विचारलं तर नाही म्हणते. शिसं आहे का, तर नाही. बुरशीचं विष आहे का, तरीही नाही. प्रत्येक 'नाही' खरं होतं, आणि अशी खरी उत्तरं साठत गेली तसतसा लोकांचा कल एका बाजूला झुकत गेला. पेंडीत दोष नाही, म्हणजे दोष गोठ्यात आहे. जनावरं नीट सांभाळली नसतील, खुराकाचा मेळ चुकला असेल.

जनावराच्या मरणाचं पहिलं खापर नेहमी राखणाऱ्याच्या डोक्यावर फुटतं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग येतो तो इथं. हाल्बर्टशिवाय आणखीही शेतकऱ्यांच्या गाई त्याच काळात आजारी पडत होत्या. पण त्यांनी नंतर वारंवार सांगितल्याप्रमाणे, तक्रार घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला ऐकवलं जायचं की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. दहा गोठ्यांत तेच घडत असताना दहाही जणांना हे एकच वाक्य ऐकवलं, तर दहाही जण घरी जाऊन आपलंच काय चुकलं ते शोधत बसतात. रोग कळायला उशीर झाला याचं मोठं कारण रसायनशास्त्र अवघड होतं हे नव्हतं. एका गोठ्याची बातमी दुसऱ्या गोठ्यापर्यंत पोहोचली नाही, हे होतं.

रिक हाल्बर्टकडे दोन गोष्टी होत्या, ज्या बहुतेक शेतकऱ्यांकडे नसतात. त्याला प्रयोगशाळेची भाषा येत होती आणि नमुने ठिकठिकाणी पाठवायला खिशात थोडे पैसे होते. तो टेलिफोनवर बसून राहिला. विद्यापीठं, खासगी प्रयोगशाळा, केंद्र सरकारची केंद्रं, जो ऐकेल त्याला त्यानं पेंड पाठवली.

त्यातला एक नमुना आयोवा राज्यातल्या एम्स इथल्या राष्ट्रीय पशुरोग केंद्रात पोहोचला. तिथं गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासणी झाली. या यंत्रात नमुन्याची वाफ करून ती एका लांब, बारीक नळीतून पाठवतात. हलके पदार्थ लवकर बाहेर पडतात, जड पदार्थ रेंगाळत येतात, आणि जसजसं काही बाहेर पडेल तसतशी कागदावर शिखरं उमटतात. कीटकनाशकं शोधायची असली तर ठरावीक वेळ यंत्र चालवतात आणि थांबवून पुढचा नमुना घालतात. १९७४ च्या जानेवारीत एम्समध्ये यंत्र चालूच राहिलं आणि तपासणारा जेवायला गेला. परतला तेव्हा कागदावर अशी शिखरं उमटली होती, जी त्यानं आधी कधी पाहिली नव्हती. इतर सर्व ठिकाणी हा पदार्थ नळीत असतानाच यंत्र थांबवलं गेलं होतं. तो फार जड होता, म्हणून तो कुणाला दिसलाच नव्हता.

काहीतरी आहे हे आता कागदावर आलं. काय आहे ते कळायला आणखी तीन महिने गेले. त्यात ब्रोमीन असल्याचं दिसल्यावर धागा वॉशिंग्टनजवळच्या बेल्ट्सव्हिलला पोहोचला. तिथं कृषी खात्याच्या संशोधन केंद्रात जॉर्ज फ्राइज नावाचे शास्त्रज्ञ होते. दुभत्या जनावरांच्या चरबीत साठणाऱ्या औद्योगिक रसायनांचा त्यांचा अभ्यास होता, आणि पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीबीबी, हा पदार्थ ओळखू शकणाऱ्या देशातल्या मोजक्या माणसांपैकी ते एक होते. एप्रिल १९७४ मध्ये त्यांनी निदान पक्कं केलं. हा पदार्थ प्लॅस्टिकला आग लागू नये म्हणून वापरतात, त्याचं बाजारातलं नाव फायरमास्टर, आणि तो मिशिगन केमिकल ही कंपनी बनवते, असं त्यांनी सांगितलं. कंपनीचं नाव ऐकताच रिकच्या ध्यानात आलं. पेंडीतलं मॅग्नेशियम ऑक्साइडही त्याच कंपनीकडून येत होतं. त्याचं नाव न्यूट्रिमास्टर.

मिशिगन केमिकलचा कारखाना राज्याच्या मध्यभागी सेंट लुईस नावाच्या लहानशा गावात, पाइन नदीच्या काठी होता. या भागात जमिनीखाली खारं पाणी आहे. त्या पाण्यातून कंपनी ब्रोमीनही काढायची आणि मॅग्नेशियमही. म्हणजे गाईच्या पोटाला आराम देणारी भुकटी आणि टीव्हीच्या खोक्यांना आगीपासून वाचवणारी भुकटी एकाच आवारात, एकाच खाऱ्या पाण्यापासून तयार होत होत्या. एरवी फायरमास्टर दिसायला वेगळं असे. पण त्याची बारीक दळलेली, गुठळ्या होऊ नयेत म्हणून दुसरं द्रव्य मिसळलेली एक पांढरट भुकटी कंपनीनं काढली होती. दोन्ही भुकट्या ५० पौंडांच्या कागदी पोत्यांत भरल्या जात. नेहमीच्या छापील पोत्यांचा त्या वेळी तुटवडा होता, म्हणून साध्या पोत्यांवर हातानं नावं उमटवली गेली. न्यूट्रिमास्टर आणि फायरमास्टर. घाईत, अर्धवट पुसलेल्या अक्षरांत, शेवटचा अर्धा भाग तर सारखाच. १९७३ च्या उन्हाळ्याच्या आसपास फायरमास्टरची दहा ते वीस पोती पशुखाद्याच्या कारखान्यात गेली आणि तिथल्या माणसानं ती नेहमीप्रमाणे मिश्रणात ओतली.

या माणसाला दोष देणं फार सोपं आहे, आणि मला ते मान्य नाही. आग रोखणारं रसायन आणि जनावराचं खाद्य एकाच छपराखाली, एकसारख्या पोत्यांत, जुळ्या नावांनी ठेवायचं हा निर्णय ज्यांनी घेतला, ते पोतं ओतणाऱ्यापेक्षा बरेच वरच्या खुर्चीवर बसले होते.

पेंडीत विष मिसळल्यापासून निदान होईपर्यंत साधारण नऊ महिने गेले होते. तेवढ्या काळात दूध विकलं गेलं होतं, गाई कत्तलखान्यात गेल्या होत्या, अंडी, चीज, लोणी घरोघरी पोहोचलं होतं. मेलेल्या जनावरांचे अवशेष दळून ते पुन्हा दुसऱ्या जनावरांच्या खाद्यात मिसळायची तिथं रीत होती, त्यातूनही विष फिरत राहिलं. शिवाय पेंडीच्या कारखान्यातल्या यंत्रांच्या सांधीकोपऱ्यांत ते चिकटून बसलं होतं. ज्या शेतकऱ्यानं ४०२ नंबरची पेंड कधी घेतलीच नाही, त्याच्याही पोत्यात थोडं थोडं उतरत होतं.

मग सुरू झाली मारामारी आकड्यांची. अन्न आणि औषध प्रशासनानं आधी मर्यादा घातली, दुधा-मांसाच्या चरबीत दहा लाखांत एक भाग. नोव्हेंबर १९७४ मध्ये ती ०.३ भागांवर आणली. त्याच्या वर असलेले गोठे बंद केले गेले, जनावरं मारली गेली, नुकसानभरपाई मिळाली. त्याच्या खाली असलेल्यांना सांगण्यात आलं की तुमचा माल ठीक आहे, विका. पण या खालच्या गोठ्यांतल्याही गाई खंगत होत्या. मॅकबेन गावचे पशुवैद्यक आल्फा क्लार्क यांनी असे कित्येक गोठे स्वतः पाहिले आणि शेतकऱ्यांच्या बाजूनं ठामपणे उभे राहिले. आपल्या डोळ्यांसमोर जनावर झिजतंय आणि कागद म्हणतोय ठीक आहे. अशा वेळी प्रामाणिक शेतकऱ्यानं काय करायचं? काहींनी माल विकला, कारण कर्जाचे हप्ते थांबत नव्हते. काहींनी सरकार सांगत नसतानाही स्वतःची सगळी जनावरं मारून पुरली, कारण ते दूध दुसऱ्याच्या लेकराला पाजणं त्यांना जमेना. इतिहासात या दुसऱ्या लोकांची नावं फारशी कुणी जपली नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

राज्याच्या उत्तरेला कॅल्कास्का भागातल्या सरकारी जमिनीवर खड्डे खणून जनावरं मारण्यात आणि पुरण्यात आली. पाचशेहून जास्त गोठे आणि शेतं बंद झाली. सुमारे ३० हजार गाईगुरं, साडेचार हजार डुकरं, दीड हजार मेंढ्या आणि १५ लाख कोंबड्या नष्ट केल्या गेल्या. त्यांच्यासोबत ८६५ टन पशुखाद्य आणि ५० लाख अंडी. १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा करून मर्यादा ०.०२ वर आणली, तेव्हा आणखी जनावरं पकडली गेली. त्यांच्यासाठी मायो गावाजवळ चिकणमातीचं अस्तर घातलेला खड्डा केला. आपल्या अंगणात हे विष नको म्हणून तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले.

कोर्टाचं काय झालं हेही सांगायला हवं. रॉय टाकोमा या शेतकऱ्याचा दावा कॅडिलॅक गावच्या न्यायालयात वर्षाहून जास्त चालला. मिशिगनमधला तोवरचा सर्वांत लांब खटला तो. न्यायाधीश विल्यम पीटरसन यांनी १९७८ मध्ये निकाल दिला की इतक्या थोड्या विषानं गाईंना इजा झाल्याचं सिद्ध होत नाही. शेतकरी हरला. त्याच वर्षी फौजदारी खटल्यात मिशिगन केमिकल आणि फार्म ब्युरो सर्व्हिसेस यांना प्रत्येकी चार हजार डॉलरांचा दंड झाला.

माणसांचं काय झालं, हा प्रश्न सुरुवातीला गाईंच्या प्रश्नाच्या मागेच राहिला होता. शेतकरी कुटुंबं सांधेदुखीची, थकव्याची, विसरभोळेपणाची तक्रार करत होती. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयाचे डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ, ज्यांनी अॅस्बेस्टॉसचे दुष्परिणाम जगासमोर आणले, ते आपलं पथक घेऊन आले आणि त्यांनी सुमारे हजार जणांची तपासणी केली. त्याच वर्षी स्तनपान देणाऱ्या बायकांच्या दुधाचीही पाहणी झाली. पाहणीचं नेतृत्व करणारे डॉ. लॅरी ब्रिलियंट हे नाव भारतात ओळखीचं आहे. देवीच्या निर्मूलनासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मोहिमेत ते आपल्याकडे गावोगाव हिंडले होते, नीम करोली बाबांचे भक्त होते. दक्षिणेकडच्या दाट वस्तीच्या द्वीपकल्पातल्या ९६ टक्के बायकांच्या दुधात त्यांना पीबीबी सापडलं. उत्तरेकडच्या, जिथं ही पेंड फारशी गेलीच नव्हती अशा भागातही ४३ टक्क्यांमध्ये. म्हणजे राज्याच्या सुमारे ९० लाख लोकांपैकी बहुतेकांनी ते खाल्लं होतं.

हा पदार्थ चरबीत साठतो आणि शरीर तो सहजी सोडत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला दहा वर्षांहून जास्त काळ लागतो. गाईच्या बाबतीत जे झालं तेच आईच्या बाबतीत झालं. बाहेर पडायची मोठी वाट एकच, दुधातल्या चरबीची, आणि ती वाट बाळाच्या तोंडाशी संपते.

राज्याच्या आरोग्य खात्यानं १९७६-७७ मध्ये सुमारे चार हजार लोकांची नोंदवही सुरू केली. पुढे निधी आटला, कागद खोक्यांत गेले. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या डॉ. मिशेल मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यास पुढे नेला. ज्यांच्या आयांच्या रक्तात पीबीबी जास्त होतं आणि ज्यांना अंगावरचं दूध मिळालं, त्या मुलींना पाळी लवकर आल्याचं दिसलं. अलीकडच्या काळात पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा तपासलेल्या दहापैकी सहा जणांच्या रक्तात देशातल्या बहुतांश लोकांपेक्षा कितीतरी जास्त पीबीबी आढळलं. तोपर्यंत चाळीस वर्षं उलटली होती.

सेंट लुईसचा कारखाना १९७८ मध्ये बंद पडला. तो पाडून त्याच जागी पुरला, वर मातीचं आच्छादन घातलं, पण ते गळू लागलं आणि विष नदीत उतरलं. तिथं एकेकाळी डीडीटीही बनत असे. कारखान्याभोवतीच्या घरांच्या अंगणात रॉबिन पक्षी मरून पडत होते. लोक वर्षानुवर्षं ते बघत होते, सांगत होते. शेवटी २०१४ च्या सुमारास मिशिगन स्टेट विद्यापीठात पक्ष्यांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांत मारक प्रमाणात डीडीटी निघालं. मग घरांच्या अंगणातली माती उकरून नेण्याचं काम सुरू झालं. या सगळ्याचा पाठपुरावा गावातल्याच माणसांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या एका समितीनं केला.

आपल्याकडे जनावराचं शवविच्छेदन होतं ते बहुतांशी विम्यासाठी. कानातला बिल्ला, पंचनामा, अहवाल, दावा. विमा नसलेलं जनावर दिवस मावळायच्या आत गावाबाहेर जातं, आणि त्याच्यासोबत ते का मेलं हेही जातं. एकदा नातलगाच्या गोठ्यात लागोपाठ तीन म्हशी गेल्या. पेंडीचं पोतं तोवर संपलं होतं, रिकामं पोतंही दुसऱ्या कामाला गेलं होतं. डॉक्टरांनी नमुना मागितला तेव्हा द्यायला काहीच नव्हतं. रिकनं मात्र ४०२ नंबरच्या पेंडीचे नमुने जपून ठेवले होते, आणि सात महिन्यांनंतर फ्राइज यांच्यापर्यंत पोहोचवण्याजोगी पेंड त्याच्याकडे शिल्लक होती. म्हणून प्रत्येक नव्या खेपेतली ओंजळभर पेंड बरणीत भरून, वर तारीख आणि पोत्यावरचा बॅच नंबर लिहून कोरड्या जागी ठेवावी. जनावर गेलं तर डॉक्टर येईपर्यंत ते हलवू नये. आणि शेजारच्या गोठ्यात जाऊन विचारावं, तुमच्याकडं काय चाललंय?

रिक आणि त्याची पत्नी सँड्रा यांनी १९७८ मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून टीव्हीसाठी चित्रपटही निघाला. मिशिगनमधली नोंदवही पुढच्या पिढ्यांपर्यंत चालू राहिली. १९७३ साली त्या गोठ्यांवर राहणाऱ्यांची मुलं तिच्यात आली, आणि पुढे नातवंडंही दाखल झाली.